सेगोवियात आठ रात्री : दोघांनी निवांत राहायला जाण्याआधी विचारले जाणारे प्रश्न

ऑक्टोबरात आम्ही दोघं स्पेनमधल्या सेगोवियात आठ रात्री राहून आलो. ह्यांच्या निवृत्तीनंतरचा हा आमचा पहिला मोठा प्रवास. आल्यापासून भावंडं, सोसायटीतल्या मैत्रिणी, ह्यांच्या ऑफिसातले जुने सोबती, सगळे साधारण तेच विचारतात, आणि फोनवर दर वेळी काहीतरी सांगायचं राहून जातं. म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवते आहे. काही उत्तरं लांबली आहेत. जिथे जीव अडकला तिथे ती लांबली.

सेगोविया अर्ध्या दिवसात बघून होतं म्हणतात. आठ रात्री तिथे करायचं काय?

बघून होतं, हे खरं आहे. रोमन जलसेतू, कॅथेड्रल आणि आल्कासारचा किल्ला ही तिन्ही ठिकाणं एकाच रस्त्यात ओवल्यासारखी आहेत. माद्रिदहून येणारी मंडळी सकाळी दहाच्या पुढे उतरतात, तो रस्ता जाऊन-येऊन करतात, जेवतात आणि संध्याकाळी परततात. सेगोवियाला गेलो होतो असं म्हणणाऱ्या बहुतेकांनी एवढंच सेगोविया पाहिलेलं असतं.

संध्याकाळी सातच्या सुमाराला गाव पुन्हा गावकऱ्यांचं होतं. प्लासा मायोर या मुख्य चौकात म्हातारी जोडपी हातात हात घालून फेऱ्या मारतात. मुलं चेंडू खेळतात. बाकांवर आजी आणि नात सूर्यफुलाच्या बिया सोलत बसतात. कुणाला कुठे पोहोचायचं नसतं. या फेरफटक्याला तिथे 'पासेओ' म्हणतात आणि तो रोजचा असतो, जेवणाइतकाच नेमाचा. पहिले दोन दिवस आम्ही तो बाकावरून बघितला. तिसऱ्या दिवशी आम्हीही चालायला लागलो. पाचव्या संध्याकाळी समोरून येणाऱ्या एका आजींनी ओळखीची मान हलवली. ती मान हलवण्यासाठी मी पुन्हा आठ रात्री राहीन.

पोहोचायचं कसं?

माद्रिदच्या चामार्तीन स्टेशनावरून वेगवान गाडीने अर्ध्या तासात सेगोविया-गियोमार स्टेशन येतं. हे स्टेशन गावापासून पाच-सहा किलोमीटर दूर, उघड्या माळावर आहे. तिथून ११ नंबरची बस जलसेतूपाशी सोडते. विमानतळाच्या टर्मिनल ४ वरून चामार्तीनला लोकल गाडी आहे, त्यामुळे माद्रिद शहरात शिरायची गरजच पडत नाही. माद्रिदच्या मोन्क्लोआ स्थानकावरून बसनेही जाता येतं. सव्वा तास लागतो आणि तिकीट स्वस्त पडतं. गाडीचं तिकीट आधी काढून ठेवा. शुक्रवारी संध्याकाळी गाड्या भरलेल्या असतात.

व्हिसा?

शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून असलेला एकच व्हिसा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, कमीत कमी पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. राहण्याचं बुकिंग एकाच गावाचं असेल तर कागद कमी होतात, हा मुक्काम ठोकण्याचा वेगळाच फायदा.

राहायला कुठे? गावाच्या जुन्या तटाच्या आत की बाहेर?

तटाच्या आत. बाहेर खोल्या स्वस्त आणि मोठ्या मिळतात, पण मग रोज चढ चढून 'बघायला' जावं लागतं, आणि राहणं राहूनच जातं. आम्ही सान एस्तेबान चर्चच्या मागच्या गल्लीत छोटंसं घर घेतलं होतं. खिडकीतून त्या चर्चचा उंच रोमनेस्क (मध्ययुगातल्या गोल कमानींच्या शैलीचा) मनोरा दिसायचा.

घर ठरवताना तीन गोष्टी विचारून घ्या. लिफ्ट आहे का, कारण जुन्या वाड्यांत बहुधा नसते. घर गरम ठेवायची सोय ऑक्टोबरात चालू असते का. आणि दारापर्यंत टॅक्सी येते का. रस्ते गोट्यांच्या फरशीचे आहेत. चाकांची बॅग ओढत नेलीत तर चाकं आणि मनगट दोन्ही जातात.

घरांच्या भिंतींकडे मात्र लक्ष द्या. चुन्याच्या गिलाव्याचे दोन थर देऊन वरचा थर नक्षीच्या आकारात खरवडून काढतात, की खालचा थर दिसतो. गोल, तारे, वेलबुट्टी, असं काही ना काही गल्ली-गल्लीत वेगळं. याला तिथे 'एस्ग्राफियादो' म्हणतात. मी दूध आणायला निघाले की रोज वेगळ्या गल्लीने जायची, ते यासाठीच.

गुडघे दुखतात. झेपेल का?

ह्यांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आहे, त्यामुळे अनुभवाने सांगते. आसोगेखो चौकातून, म्हणजे जलसेतूच्या पायथ्यापासून, वर प्लासा मायोरपर्यंतचा मुख्य रस्ता चढाचा आहे, पण चढ हलका आहे. वाटेत बसायला जागा आहेत. अर्ध्यावर ला कानालेखा नावाचा कठडा येतो. तिथून ग्वादार्रामाचे डोंगर दिसतात आणि त्यात उताणी झोपलेल्या बाईचा आकार. गावकरी त्या रांगेला 'मृत स्त्री' म्हणतात. हे रोज त्या कठड्याशी दहा मिनिटं थांबायचे, आधी गुडघ्यासाठी आणि मग डोंगरासाठी.

त्याच रस्त्यावर 'कासा दे लोस पीकोस' आहे. दर्शनी भिंतीवर दगडाची सहाशेहून जास्त टोकं, हिऱ्याच्या पैलूंसारखी. आत आता कलाशाळा चालते. आल्कासारच्या मनोऱ्याला १५२ गोल वळणाच्या पायऱ्या आहेत. तिथे हे खाली थांबले आणि मी एकटी चढले. दोघांनी सगळं बरोबरच केलं पाहिजे असं नाही.

जलसेतू म्हणजे नुसत्या कमानीच ना? एकदा फोटो काढला की झालं?

फोटोत तो मावत नाही, त्याची गोष्टही मावत नाही.

इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकात रोमन लोकांनी सुमारे १५ किलोमीटरवरच्या डोंगरी ओढ्याचं पाणी गावात आणलं. वाटेत दगडी खोल्या बांधून त्यात गाळ बसवला, आणि मधली दरी ओलांडायला या कमानी उभारल्या. आसोगेखो चौकात उंची २८ मीटरच्या वर आहे. ग्रॅनाइटचे चिरे एकावर एक ठेवलेले आहेत आणि मध्ये चुना नाही, काहीच नाही. चिऱ्यांवर जागोजागी लहान खड्डे दिसतात. दगड वर चढवताना लोखंडी चिमटे त्यात अडकवत. मध्ययुगात मोडलेल्या ३६ कमानी पंधराव्या शतकाच्या शेवटी इसाबेल राणीच्या काळात पुन्हा बांधल्या. आणि हे पाणी थेट विसाव्या शतकापर्यंत वाहत होतं.

गावात याची दुसरी गोष्ट सांगतात. रोज डोंगरावरून घागरी वाहून थकलेल्या एका मुलीने सैतानाला सांगितलं, उद्या कोंबडा आरवायच्या आत पाणी माझ्या दारात आण, मी तुला माझा आत्मा देते. सैतानाने रात्रभर दगड रचले. शेवटचा एक दगड लावायचा राहिला आणि पहाट झाली. चिऱ्यांवरचे ते खड्डे म्हणजे त्याच्या बोटांचे ठसे.

माझी आजी माणदेशातली. उन्हाळ्यात दीड कोसावरून डोक्यावर पाणी आणायची, आणि म्हातारपणी मान वळवताना तिला संपूर्ण वळावं लागायचं. ती गोष्ट ऐकल्यावर मी त्या कमानींखाली बराच वेळ उभी राहिले. पाण्यासाठी आत्मा द्यायला निघालेल्या मुलीत मला काहीच नवल वाटलं नाही.

करायचं असं : चौकातून कमानींच्या कडेकडेने उलट्या दिशेला, डोंगराकडे चालत जा. कमानी ठेंगण्या होत जातात, खांद्याएवढ्या होतात, शेवटी नुसती भिंत उरते आणि गाळ बसवायची दगडी खोली येते. अर्ध्या तासाची वाट, फारसं कुणी नसतं. एवढं मोठं बांधकाम लहान होत होत जमिनीला टेकतं ते बघताना त्याचं काम कळतं.

आल्कासार आणि कॅथेड्रल?

दोन्ही बघा, पण वेगवेगळ्या दिवशी. आल्कासार एरेस्मा आणि क्लामोरेस या दोन प्रवाहांच्या संगमावर, जहाजाच्या नाळेसारख्या खडकावर उभा आहे. १७६४ पासून तिथे तोफखान्याची शाळा होती. १८६२ मध्ये मोठी आग लागली, त्यामुळे आतली बरीच छतं नंतरची आहेत. १३ डिसेंबर १४७४ रोजी इसाबेल इथूनच निघाली आणि प्लासा मायोरमधल्या सान मिगेल चर्चपाशी तिला राणी म्हणून जाहीर केलं. कोलंबसाला पाठवणारी हीच इसाबेल. ते चर्च नंतर कोसळलं आणि चौकाच्या कडेला नव्याने बांधलं.

जुनं कॅथेड्रल आल्कासारच्या अगदी समोर होतं. १५२०-२१ च्या कोमुनेरोसच्या, म्हणजे राजाविरुद्ध उठलेल्या शहरवासीयांच्या, बंडात त्याची नासधूस झाली आणि १५२५ मध्ये नवं कॅथेड्रल आजच्या जागी बांधायला घेतलं. मनोऱ्यावर जाता येतं, आणि वाटेत घंटा वाजवणाऱ्याच्या कुटुंबाची राहायची जागा लागते. इतक्या उंचावर संसार केलेल्या बाईचा विचार माझ्या मनातून अजून जात नाही.

शाकाहारी माणसाने काय खायचं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा आला आणि तो रास्त आहे. सेगोवियाची ओळखच भाजलेलं कोवळं डुक्कर, 'कोचिनियो'. ते इतकं मऊ असतं की सुरीऐवजी ताटलीच्या कडेने कापून दाखवतात. ह्यांना सगळं चालतं. त्यांनी एकदा खाल्लं, आवडलं. मी शाकाहारी आहे, त्या दिवशी दुसरीकडे बघत बसले.

फसायच्या जागा आधी सांगते. 'खुदियोनेस' म्हणजे ला ग्रांखा गावचे मोठ्ठे पांढरे वाल. नाव वाचून जीव सुखावतो, पण ते सॉसेज आणि डुकराचे कान घालूनच शिजवतात. लसूण-पावाच्या गरम कास्तिलियन (कास्तिलिया म्हणजे सेगोविया ज्या भागात आहे तो प्रांत) सूपमध्ये हॅम, म्हणजे खारवलेलं डुकराचं मांस, असतं. साध्या सॅलडवर बऱ्याचदा ट्यूना मासा येतो. आणि नुसतं 'मांस नको' म्हटलं तर हॅम येऊ शकतं, कारण काहीजण ते मांसात धरतच नाहीत. म्हणून तिन्ही शब्द म्हणायचे : 'सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन खामोन'. मांस नको, मासा नको, हॅम नको. मी कागदावर लिहूनच नेलं होतं. वाढणाऱ्या बायका तो कागद घेऊन आत जात आणि बाहेर येऊन मला काय काय चालेल ते बोटाने दाखवत. एकीनेही तोंड वाकडं केलं नाही.

मिळतं ते असं : बटाट्याचं जाड ऑम्लेट (अंडं चालत असेल तर), वांगं-ढोबळी मिरची-टोमॅटोची 'पिस्तो' नावाची भाजी, भाजलेल्या मिरच्या, शतावरीचे कोंब, मेंढीच्या दुधाचं चीज. ऑक्टोबरात आजूबाजूच्या पाइनच्या रानातले आळिंबे बाजारात येतात. लसूण आणि ऑलिव्ह तेलात परतलेले ते आळिंबे आणि घट्ट गराचा तिथला पाव एवढं माझं चार वेळचं जेवण झालं आणि मी तृप्त होते. गोडात 'पोंचे सेगोवियानो', बदामाच्या लगद्याच्या आवरणातला केक. त्यातही अंडं असतं.

घरात स्वयंपाकाची सोय होती. बारीक तपकिरी मसूर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळाली. गोडा मसाला, पोहे, आमसुलं मी नेली होती. तूप, पेढे, खवा नेऊ नका. बाहेरून येणारे दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात नेऊ देत नाहीत.

जेवणाच्या वेळा म्हणे फार वेगळ्या?

दुपारचं जेवण दोन ते चार, रात्रीचं नऊनंतर. आधी गेलात तर खुर्च्या टेबलावर उलट्या ठेवलेल्या दिसतील. आम्ही दुपारी बाहेर 'मेनू देल दिया' घ्यायचो. ठरावीक किमतीत दोन पदार्थ, पाव, पेय आणि गोड किंवा फळ. रात्री घरी आमटी-भात. मध्ये भूक लागली तर इन्फांता इसाबेल रस्त्यावर जा. त्याला सगळे 'बारवाला रस्ता' म्हणतात. पेय मागवलं की बरोबर छोटासा खाऊ फुकट येतो. तो बघून घ्या, बहुधा मांसाचाच असतो.

दुपारी दुकानं बंद असतात. मग ते तीन तास?

झोपा. किंवा खाली नदीवर जा.

नदीची वाट मला गावाइतकीच आवडली. आल्कासारच्या बाजूने उतरलं की एरेस्माच्या काठाने झाडांखालून पायवाट जाते. ऑक्टोबरात पॉपलरची पानं पिवळी झालेली असतात आणि पाण्यात पडत राहतात. तिथे स्पेनचा राजा फेलिपे दुसरा याने १५८३ मध्ये काढलेली टांकसाळ आहे. नदीच्या पाण्यावर चाकं फिरवून नाणी पाडत. पुढे एल पार्रालचा मठ. चढ चढायची तयारी असेल तर वेरा क्रूस हे बारा बाजूंचं चर्च, १२०८ सालचं, माळावर एकटंच उभं आहे. जाण्याआधी वेळा बघून घ्या, ते बऱ्याचदा बंद असतं. सान मार्कोसच्या कुरणावरून आल्कासार खालून वर दिसतो. डबा तिथे न्यावा. आम्ही दोनदा नेला.

ज्यू वस्ती बघण्यासारखी आहे का?

आहे. कॅथेड्रलच्या मागे, सान आंद्रेस वेशीपर्यंतच्या उतरत्या गल्ल्या. १४९२ मध्ये स्पेनमधून ज्यूंना घालवलं तेव्हा इथली घरंही रिकामी झाली. मुख्य सिनेगॉगचं, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाचं, पंधराव्या शतकातच चर्च झालं होतं. वेशीवरून दरीपलीकडे पाइनच्या झाडांत त्यांची दफनभूमी दिसते, खडकात कोरलेल्या कबरी. आम्ही तिथपर्यंत चालत गेलो. तिथून मागे वळून बघितलं की तट, कॅथेड्रल, सगळं गाव दिसतं. ज्यांना गावात राहू दिलं नाही त्यांच्या माणसांच्या कबरी मात्र गावासमोर राहिल्या. आम्ही दोघं तिथे फार बोललो नाही.

कवी माचादोचं घर स्पॅनिश न येणाऱ्यांनी बघावं का?

जरूर. आंतोनियो माचादो १९१९ मध्ये इथल्या शाळेत फ्रेंच शिकवायला आले आणि १९३२ पर्यंत एका साध्या खाणावळीत भाड्याच्या खोलीत राहिले. ती खोली तशीच ठेवली आहे : लोखंडी पलंग, टेबल, शेगडी. स्पेनमधला एवढा मोठा कवी बारा-तेरा हिवाळे या खोलीत राहिला. त्याआधीच, १९१२ मध्ये, त्यांची तरुण बायको गेली होती. पुढे यादवी युद्धात देश सोडावा लागला आणि १९३९ मध्ये सीमेपलीकडे फ्रान्समध्ये ते वारले. स्टेशनाचं नाव 'गियोमार' का, हेही तिथेच कळलं. उतारवयात जिच्यावर जीव जडला तिला त्यांनी कवितेत दिलेलं ते नाव आहे. वेगवान गाड्यांच्या स्टेशनाला कवितेतलं नाव देणाऱ्या माणसांबद्दल मला फार आपुलकी वाटते.

आसपास एखादी सहल?

एकच करा. ला ग्रांखा दे सान इल्देफोन्सो, बसने वीस-पंचवीस मिनिटं. फेलिपे पाचव्याचा राजवाडा आणि डोंगराला टेकलेली बाग. वरच्या तलावातलं पाणी नुसत्या उताराच्या जोरावर कारंज्यांत उडतं, पंप नाही. पण कारंजी मोजक्याच दिवशी सुरू असतात आणि ऑक्टोबरात आम्हाला ती बंदच दिसली. बाग तरीही दिवसभर पुरली.

हवा कशी? कपडे काय?

गाव समुद्रसपाटीपासून सुमारे हजार मीटरवर आहे. कास्तिलियात म्हणतात, नऊ महिने हिवाळा आणि तीन महिने नरक. ऑक्टोबरात दुपारी सुती कपडे, रात्री स्वेटर आणि कानटोपी. सूर्य साडेआठच्या सुमाराला उगवतो, त्यामुळे सहाला उठायची सवय असेल तर अंधारात चहा प्यायची तयारी ठेवा. महिन्याच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात. परतीची गाडी त्या दिवशी असेल तर लक्षात ठेवा.

आठ दिवस दोघंच. कंटाळा नाही आला? भांडणं?

दुसऱ्याच दिवशी झालं भांडण. ह्यांनी तासातासाचं वेळापत्रक केलं होतं आणि मला बाकावरून उठायचं नव्हतं. चौतीस वर्षं आमच्या घरात कुणी ना कुणी होतं. आधी सासू-सासरे, मग मुलं, मग मुलांच्या परीक्षा. वेळापत्रकावाचून दिवस कसा काढायचा हे दोघांनाही येत नव्हतं. त्या रात्री ठरवलं, दिवसाला एकच ठिकाण, तेही जमलं तर. नंतरच्या दिवसांत हे पावाच्या दुकानात एकटे जाऊन पाव आणायला लागले. मी खिडकीशी बसून मनोऱ्याभोवतीचे कावळ्यांसारखे छोटे काळे पक्षी बघायला लागले. आम्ही पूर्वीपेक्षा कमी बोललो असू, पण एकमेकांचं बोलणं पूर्ण ऐकलं. जाणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे की पहिल्या दोन दिवसांवरून मत बनवू नका.

नेमक्या कुठल्या तारखा घ्याव्यात?

जमलं तर २५ ऑक्टोबर मुक्कामात येऊ द्या. गावचा संत सान फ्रुतोस, त्याचा तो दिवस. आदल्या रात्री सगळे कॅथेड्रलच्या चौकाकडच्या दारापाशी जमतात. दारावर संताची दगडी मूर्ती आहे, हातात उघडं पुस्तक. वर्षातून एकदा, त्या रात्री, तो पुस्तकाचं एक पान उलटतो अशी समजूत आहे. शेवटचं पान उलटलं की जग संपेल.

थंडी कडाक्याची होती. बापांच्या खांद्यांवर बसलेली मुलं, शालीत गुरफटलेल्या आज्या, सगळ्यांच्या माना वर. आम्हीही वर बघत होतो. गर्दीतून एकदम आवाज उठला, टाळ्या झाल्या. मी ह्यांना विचारलं, उलटलं का? हे म्हणाले, हो, मला दिसलं.

२५ तारखेला गावात सुट्टी असते, बरीच दुकानं बंद. दूध आणि पाव आदल्या दिवशीच आणून ठेवा.